बोडीपल्याडचं निशाण

टीव्हीवर गोल्फ लागलं की मी हातातलं काम बाजूला ठेवून बसते, हे माझ्या सुनेला अजून पचलेलं नाही. सासूनं कीर्तन बघावं, फार तर बातम्या बघाव्यात. हिरव्या गवतावर पांढरी पँट घालून फिरणाऱ्या लोकांत एवढं काय आहे, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. मी समजावण्याच्या भानगडीत पडत नाही. मी वाट बघत असते ती तळ्याची. त्या प्रत्येक मैदानात कुठे ना कुठे पाणी असतंच, आणि खेळणारा पाण्याच्या अलीकडे उभा राहिला की मी पदर खोचून पुढे सरकते. बॉल पाण्यात गेला तर तो बाबाजी पिशवीतून दुसरा काढतो आणि काही झालंच नाही अशा थाटात चालायला लागतो. तेव्हा मला खरंच राग येतो. अरे, तुझा बॉल गेला ना? मग उतर की पाण्यात. आम्ही उतरायचो. शिंगाड्याच्या वेलीत, मांडीभर गाळात, पायाच्या बोटांनी चाचपत आम्ही बॉल काढलेले आहेत, आणि शिंगाड्याचा काटा टाचेत मोडला की माणूस कसा उड्या मारतो हे त्या पांढऱ्या पँटवाल्यांना ठाऊक नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाच्या बाजूला, धानाच्या पट्ट्यात. एका अंगाला जंगल आणि बाकी सगळीकडे बांध्या. बांधी म्हणजे चारही बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेलं धानाचं शेत, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारं. आमच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला आमची बोडी होती. पावसाचं पाणी अडवायला आजोबांच्या वडिलांनी मातीची पाळ घालून केलेलं लहानसं तळं. तिच्यात कमळं होती, बगळे होते, आणि दरसाल गावातले ढिवर, म्हणजे मासे धरणारे लोक, तिच्यात शिंगाडे लावायचे. त्यातला वाटा आमच्या घरी टोपलीनं यायचा. तो शिंगाडा उकडताना जो वास घरभर सुटायचा, त्याच्यासाठी मी आजही बाजारात थांबते, पण इथे चंद्रपूरला मिळतो तो शिळा, आणि वासाच्या नावानं शंखच. बोडीची पाळ एका जागी कच्ची होती. दर पावसाळ्यात माय तिथे पळसाच्या फांद्या आणि चिखल दाबून ती कशीबशी धरून ठेवायची. मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाला, सगळी शेती एकट्यानं ओढताना तिकडे बघायला सवड नसायची, आणि माय कुणाला काही कर म्हणून सांगणाऱ्यातली नव्हती. तिला कुणी काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे: तुमची मर्जी.

बाबा फौजेत होते. माझ्या लहानपणी ते घरी आले की आमच्याकडे एक पाहुणा आल्यासारखं वाटायचं. उन्हाळ्यात सुटी घेऊन यायचे, काळ्या ट्रंकेतून माझ्यासाठी रिबिनी निघायच्या, घरात बुटाच्या पॉलिशचा वास भरून राहायचा, आणि मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचायला लागेपर्यंत सुटी संपायची. मी सातवीत असताना ते पेन्शनवर आले. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, पहाटे उठायचा, दाढी घोटायचा, बूट चकाकवायचा, आणि मग ओसरीवर येऊन उभा राहायचा. करायला काहीच नव्हतं. बैल मोठेबाबांचं ऐकत, गडी मोठेबाबांचं ऐकत, चूल मायची. मूलच्या राइस मिलचा भोंगा वाऱ्यावर ऐकू आला की ते मनगटावरच्या घड्याळाची वेळ जुळवून घ्यायचे. मोठेबाबा त्यांना आडून चिडवत की, बा, आमच्या घरी आता भोंगा तपासणारा साहेब आला. बाबा हसायचे, पण ते हसू मिशीखालीच राहायचं.

त्यांच्या ट्रंकेबरोबर यावेळी एक लांब कॅनव्हासची पिशवी आली होती. तिच्यात एक लाकडी डोक्याची काठी, दोन लोखंडी आणि एक चपटी, बॉल छिद्रात ढकलायची. कुणा साहेबानं जाताना आपला जुना संच बक्षीस दिला होता. नोकरीची शेवटची वर्षं बाबा दक्षिणेत समुद्राजवळच्या एका छावणीत होते, आणि तिथल्या गोल्फच्या मैदानाची सगळी देखरेख त्यांच्याकडे होती. नारळाची झाडं, मधे मधे तळी, तळ्यांत घोरपडी, आणि पावसाच्या दिवसांत एका रात्रीत टाचेपासून गुडघ्यापर्यंत वाढणारं गवत. त्या मैदानाबद्दल बोलायला लागले की या माणसाला शब्द सापडत. एरवी घरात दोन वाक्यांच्या वर न बोलणारे बाबा, कुठल्या तळ्यावरून वारा कसा फिरतो आणि पाणी समोर असलं की भल्या भल्या कर्नलचे हात कसे आखडतात, हे जेवताना भात निवेपर्यंत सांगत राहायचे. माय ऐकायची. एकदा तिनं एवढंच विचारलं की, मग त्या तळ्याचं पाणी कोणत्या धानाला देत होते? बाबांनी निवलेला भात कालवायला घेतला.

दिवाळीच्या पुढे धान कापून झालं, भारे खळ्यावर गेले आणि बांध्या मोकळ्या झाल्या. बाबांनी काय केलं असेल? वरच्या बांध्यांमध्ये पावलं टाकत हिंडले आणि मैदान आखलं. नाल्याची रेती आणून तिच्यात मिलमधलं जळकं तेल कालवलं आणि गुळगुळीत गोल चौथरे केले. त्यांत दुधाच्या पावडरीचे रिकामे डबे पुरले. बांबूच्या काठ्यांना मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून निशाणं रोवली. गावातली माणसं धुऱ्यावर बसून बघत होती. सुभेदार कुणाच्या लग्नाचा मांडव घालून राह्यले, असंही कुणी विचारून गेलं. सगळ्यात शेवटचं निशाण बोडीच्या पल्याड होतं. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली उभं राहायचं, समोर सगळं पाणी आणि शिंगाड्याचा वेल, आणि बॉल एका फटक्यात पलीकडच्या बांधीत न्यायचा.

मग एके सकाळी बाबा धावत घरी आले. धावताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. वरच्या बांध्यांत धसकटांच्या मधून सगळीकडे कोवळं, बारीक, हिरवंगार गवत उगवलं होतं. दक्षिणेत ज्या गवतासाठी पाण्याचे टँकर लागायचे, ते इथे देवानं आपसूक दिलं, असं ते मायला सांगत सुटले. माय सूप पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, बाबांबरोबर बांधीपर्यंत गेली, खाली वाकून बघितलं, आणि धुऱ्यावर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला.

"अवो, थे गवत नोहे," ती म्हणाली. "लाखोळी होय. मीच फेकली."

आमच्या भागात धान उभं असतानाच, कापणीच्या थोडं आधी, खालच्या ओलीत लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकून ठेवतात. धान निघालं की ती वर येते, ना नांगर ना पाणी. पण ती खालच्या, ओल धरणाऱ्या बांध्यांत. वरच्या बांध्या लवकर वाळतात, म्हणून तिथे आमच्याकडे कधी फेकत नसत, आणि बाबांनी नेमक्या त्याच मोकळ्या धरल्या होत्या. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला. बाबा पेन्शनीच्या कामाला चंद्रपूरला गेलेले असताना मायनं वरच्या बांध्यांतही लाखोळी फेकून घेतली होती, आणि सांगायची तिला काही गरज वाटली नव्हती. मोठेबाबांना तर आठवडाभर विषय पुरला. ज्यानं लहानपणी लाखोळीच्या भाजीनं पोट भरलं, त्याला उगवती लाखोळी ओळखू आली नाही, फौजेनं माणूस पार धुऊन काढला म्हणाले. बाबा निशाणं उपटायला निघाले. तेव्हा मायनं त्यांना थांबवलं, आणि मला वाटतं तिनं त्या घरात घातलेल्या त्या पहिल्या अटी असाव्यात.

"खेळा. पण पायात जोडे नाई, माती उकराची नाई, आन् खेळाच्या आधी जो तो आपला ओटीभर शेंडे खुडून देईन. फूल आलं का खेळ बंद."

लाखोळीचे शेंडे खुडले की ती मरत नाही, उलट फुटवे फुटून दाट होते. भाजीसाठी आमच्या बायका ती तशीच खुडतात. त्यामुळे झालं असं की, दोन्ही कामं एकमेकांच्या उपयोगी पडली. सकाळी दवात बाबा धोतर वर खोचून, अनवाणी, वाकून शेंडे खुडत. शेजारी मी, पलीकडे माय, कधी गावातल्या आणखी बायका. खुडून झालं की बांधी कापलेल्या केसांसारखी सारखी दिसायची, आणि त्यावर खेळ. त्या हिवाळ्यात आम्ही भाजी खाल्ली ती किती. लसूण-मिरचीची फोडणी, त्यात तांदळाची कणी, वरून कच्चं तेल. उरलेले शेंडे माय वाळवून मडक्यात भरून ठेवायची, आणि ते मडकं त्या वर्षी पहिल्यांदाच तोंडापर्यंत भरलं.

खेळायला बाबांना जोडीदार नव्हता, म्हणून मी. एवढंच कारण, दुसरं काही थोर नाही. त्यांनी एक लोखंडी काठी माझ्या मापाची आखूड केली आणि मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. पहिला धडा: मान खाली. गावात पोरीबाळींना मान खाली ठेवायला सगळेच सांगायचे, पण त्याचं धड कारण सांगणारे बाबाच पहिले. मान वर गेली की बॉलच्या डोक्यावर फटका बसतो आणि तो घसरत जातो. पाणी समोर असलं की पाण्याकडे बघायचं नाही. पल्याडचं निशाण एकदा बघून घ्यायचं, मग बॉल, मग बाकी काही नाही. मी शिकले. बांधीतल्या बांधीत तर मी गावातल्या पोरांच्या डोळ्यांत भरण्याएवढी मारायला लागले. बोडी मात्र मला पार होत नव्हती. माझा बॉल दर खेपेला शिंगाड्याच्या वेलीत जाऊन पडायचा आणि गिरजाबाईच्या हाताला लागायचा. गिरजाबाई म्हणजे बोडीत शिंगाडे काढणारी ढिवरीण, एका पोकळ खोडाच्या डोंग्यात बसून बांबूनं तो ढकलत फिरणारी. पहिला बॉल सापडला तेव्हा तिनं तो उन्हात धरून बराच वेळ बघितला आणि हे कोणाचं अंडं आहे म्हणून पाळीवर आणून ठेवला. पुढे ती प्रत्येक बॉलला अंडंच म्हणाली.

बाबा या खेळाच्या नेमांना भलते पक्के होते. बॉल जिथे पडला तिथूनच मारायचा, बैलाच्या खुराच्या खड्ड्यात पडला तरी तिथूनच. एकदा माझा बॉल धुऱ्याजवळ पडला होता, निशाणापासून चांगलाच लांब. बाभळीवरून एक वांदर उतरलं, त्यानं बॉल उचलला, चावून बघितला, थोडं पुढे गेलं आणि कंटाळून फेकून दिला, तो नेमका डब्याच्या तोंडाशी. मी नाचायला लागले. बाबांनी शांतपणे बॉल उचलला आणि माझ्या हातात दिला.

"वांदर असो का माणूस, दुसऱ्यानं नेलेला बॉल नेलेला नसते," ते म्हणाले. "होता तिथी ठेव."

मी रडले, भांडले, वांदर देवाचं रूप असतं इथपर्यंत जाऊन पोचले. काही उपयोग झाला नाही. बॉल परत धुऱ्याजवळ गेला. धुऱ्यावर शेंडे खुडत बसलेल्या बायकांनी हे सगळं बघितलं आणि पुढे कित्येक दिवस कुणी कुणाची टोपली उचलून दिली की दुसरी म्हणायची, ठेव माय होती तिथी, सुभेदार पाहून राह्यला. त्या बायकांमध्ये गिरजाबाई होती आणि मायही होती. हे लक्षात ठेवायला हवं.

मार्गशीर्षात शेखचाचा आले. ते बाबांच्याच पलटणीतले हवालदार, दक्षिणेतल्या मैदानावर बाबांच्या हाताखाली होते, म्हणून हा खेळ तेही जाणत. घर वरोऱ्याचं, भावाचं तिथे सायकलचं दुकान. निवृत्त झाल्यावर ते नागपुरात एका मोठ्या गोदामाच्या पहारेकऱ्यांवर देखरेखीला लागले होते. आता तिथेच आणखी एका माणसाची जागा होती, बाबांसारख्याची. वर्दी, शिट्टी, हाताखाली माणसं. राहायला खोली, पण एकट्यापुरती. मोठेबाबांनी लगेच मान डोलावली. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. रिकामा बसलेला भाऊ त्यांना बघवत नव्हता. शेखचाचांनी विचार करायला पुढल्या बाजारच्या दिवसापर्यंत मुदत दिली, तेव्हा येऊन बाबांना सोबतच घेऊन जाणार होते. बाबांनी मायकडे बघितलं. माय म्हणाली, तुमची मर्जी. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि सगळ्यांनी ती तशीच संपवली.

मला बाबा जायला नको होते. किती नको होते हे मला त्या आठवड्यात कळलं. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत ते जात तेव्हा मी मोटारीमागे हात हलवून घरी येऊन जेवत असे. आता मात्र सकाळी दवात त्यांच्या शेजारी वाकून शेंडे खुडायची मला सवय झाली होती. ते गेले तर ती काठी पिशवीत जाणार, निशाणं चुलीत जाणार आणि उन्हाळ्यात पुन्हा तो ट्रंकवाला पाहुणा रिबिनी घेऊन येणार. पण हे तोंडानं सांगायचं कसं? आमच्या घरात असं कुणी कुणाला सांगत नसे. बाजारच्या आदल्या दिवशी पाळीवरच्या मोहाखाली मी बॉल ठेवला, आणि नेहमीप्रमाणे तो वेलीत गेला. मी बाबांकडे न बघता म्हटलं, "उद्या पार नेला तं तुम्ही जाऊ नका."

बाबांनी माझ्या हातातून काठी घेतली आणि तिचं टोक धोतराला पुसलं. मला वाटलं, रागावले.

"नेला तं नाई जात," ते म्हणाले. "पण एकच बॉल. आन् पाण्यात गेला तं रडाचं नाई."

ही गोष्ट रात्रीच्या जेवणाआधी गावभर झाली होती. कशी, ते मला ठाऊक नाही. मी फक्त मायला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. लाखोळी दवानं इतकी ओली होती की पायांची बोटं बधिर झाली. बांधीच्या कडेला कुठे कुठे निळी फुलं डोकावायला लागली होती, म्हणजे खेळाचे दिवस तसेही संपत आले होते. शेखचाचा पहिल्या मोटारीनं आले आणि थेट पाळीवरच येऊन बसले. मायनं त्यांना उकडलेले शिंगाडे दिले. ते सोलून खाता खाता त्यांनी विचारलं की पोरगी कितव्या नंबरच्या काठीनं मारणार, आणि बाबांनी सांगितल्यावर नुसतीच मान हलवली. माय ओटी खोचून अलीकडच्या बांधीत खुडत होती. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बोडीत गिरजाबाई वर्षातली शेवटची तोडणी करत होती. वेल पिवळा पडला होता आणि डोंग्याच्या पुढच्या टोकाशी शिंगाड्याचा ढीग साचला होता. तिला बाजूला व्हायला सांगावं का, असं शेखचाचांनी विचारलं. बाबा म्हणाले, तिचं काम तिले करू द्या.

मी पल्याडचं निशाण बघितलं. मायचं लुगडं हिरवं होतं, त्याची चिंधी धुक्यात काळी दिसत होती. मग बॉल बघितला. मग मान खाली ठेवली आणि मारला.

लागला, तो असा लागला की हातांना काही कळलंच नाही. आयुष्यात तसा फटका मी पुन्हा कधी मारला नाही, आणि एकदा बसला याचं मला आजही समाधान आहे. मान वर केली तेव्हा बॉल अजून वर होता. शेखचाचांचा हात शिंगाड्यासकट तोंडाशी थांबला होता. बॉल वेलीवरून गेला, मोकळ्या पाण्यावरून गेला, आणि पलीकडचा काठ जवळ आला तसा खाली यायला लागला. फार लवकर खाली यायला लागला. मला कळलं की पोचत नाही. आवाज मात्र पाण्याचा आला नाही. थप्प असा आला, आणि बॉल गिरजाबाईच्या डोंग्यात, शिंगाड्याच्या ढिगावर जाऊन बसला.

गिरजाबाईनं बॉलकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. मग बांबू गाळात रोवला आणि डोंगा पलीकडच्या काठाला नेला. टोपली घेतली, शिंगाडे तिच्यात भरले, खाली उतरली, आणि बांधीच्या कडेला टोपली उपडी केली. शिंगाड्यांबरोबर बॉल गडगडत लाखोळीत गेला आणि निशाणाच्या अलीकडे थांबला. ती खाली बसून शिंगाडे निवडायला लागली. (पुढे मी मास्तरीण झाल्यावर, ती पार म्हातारी झालेली असताना, मी तिला विचारलं होतं की तू ते मुद्दाम केलंस का. "डोंगा तं तिकडंच जाऊन राह्यला होता, माय," ती म्हणाली. यापलीकडे तिनं काही कबूल केलं नाही.)

 मला तो नेम पाठ होता, वांदराच्या वेळी रडून पाठ झाला होता. दुसऱ्यानं नेलेला बॉल नेलेला नसतो. बॉल होता तिथे ठेवायचा म्हणजे डोंग्याच्या खाली, पाण्यात. शेखचाचांनाही हा नेम ठाऊक होता, मैदानावर वर्षानुवर्षं त्यांनीच तो साहेबलोकांना ऐकवला असणार. माय खुडायची थांबून उभी होती. माझं तोंड उघडलं होतं. मी खोटं खेळणारी पोर नव्हते आणि बाबांनीच मला तसं केलं होतं. पण मी शब्द काढायच्या आत शेखचाचांनी घसा साफ केला.

"सुबेदारसाब, वो बॉल तो..."

"पार गेला," बाबा म्हणाले.

त्यांचा आवाज ओसरीवरचा नव्हता. कवायतीच्या मैदानावर कसा असेल, तसा होता. ते समोर बघत होते, सरळ, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेखचाचांनी त्यांच्याकडे बघितलं, मग बोडीकडे, मग माझ्याकडे. त्यांनी हातातला शिंगाडा सावकाश तोंडात टाकला आणि चावून गिळला.

"हां साब," ते म्हणाले. "साफ गया. मैंने भी देखा."

मी त्या वेळी समजले की मी बाबांना थांबवलं. पुष्कळ वर्षं तसंच समजत राहिले, आणि त्या अभिमानावर माझं बरंच काही चाललंही. आता मला वाटतं, त्यांना थांबायचंच होतं, आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ते सांगता येत नव्हतं. वांदराला न दिलेली सूट त्यांनी गिरजाबाईला दिली, ती माझ्यासाठी होती तशी त्यांच्या स्वतःसाठीही होती. हे उमगल्यावर मला बाबा आधीपेक्षा जास्तच आवडायला लागले.

शेखचाचांनी दुपारी आमच्याकडे भाजी-भात खाल्ला, वाळलेल्या शेंड्यांचं पुडकं घेतलं आणि एकटेच गेले. पण ते नंतर. त्याआधी, पाळीवर, माय ओटी सावरत वर चढून आली. तिनं ओटीतले शेंडे बाबांसमोर धरले. त्यांत निळी फुलं होती.

"फूल येऊन राह्यलं," ती म्हणाली. "आता खेळ बंद."

"हाव," बाबा म्हणाले. त्यांनी एक फूल चिमटीत धरलं आणि विचारलं, "मंग आता मी काय करू?"

माय यावर काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. तुमची मर्जी. ते शब्द तिच्या ओठांवर आलेले मी बघितले, आणि ते तिनं परत घेतलेलेही बघितले. ती वळून पाळीच्या त्या कच्च्या जागेकडे बघायला लागली, जिथे तिनं दाबलेल्या पळसाच्या फांद्या वाळून उघड्या पडल्या होत्या.

"ही पाळ बांधून द्या," ती म्हणाली. "माह्याच्यानं एकटीनं नाई होत."

बाबा त्या जागेपर्यंत चालत गेले. अनवाणी पायानं माती दाबून बघितली, खाली वाकले, मूठभर उचलून चुरली. मग तिथूनच विचारलं की किती दिवसांचं काम आहे.

"लय दिवसाचं होय," माय म्हणाली.